खारकोंडच्या आठ बाटल्या

फोन आला तेव्हा बिल्किस उंड्रे बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होती. रोह्यातली ती पाणी तपासायची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, गुणाजी नावाचा शिपाई आणि ती. आलेलं पाणी तपासायचं, आकडे लिहायचे, खाली सही ठोकायची. त्या सहीनं कुणाच्या गळ्याला फास लागेल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“फौजदार कमळाकर बोलतोय. खारकोंडच्या पाण्याचे आठ दाखले माझ्यापुढे आहेत. सह्या तुमच्याच ना?”

“माझ्याच. का?”

“कोर्टात यावं लागेल. सरू मोकल नावाच्या बाईनं नवऱ्याला विष घातलंय. आर्सेनिक. जुनी माणसं सोमल म्हणायची तेच.”

“साहेब, खारकोंडच्या जमिनीतच आर्सेनिक आहे. म्हणून तर तिथल्या बोअरला फिल्टर बसवलाय.”

“तेच तर सांगतोय. तिचा वकील म्हणणार, पाण्यातून गेलं. पण तुमचे दाखले म्हणतात, फिल्टरचं पाणी चार वर्षं चोख. मग सखा मोकलच्या पोटात विष आलं कुठून? बायको हमरापूरला गणपती रंगवते, रंगांत राबते. एकाच घरात राहून तो मेला आणि हिच्या अंगावर साधा डाग नाही. तुमचे कागद आहेत म्हणून केस पक्की आहे बघा.”

फौजदाराला वाटलं, आपण बाईंचं कौतुक केलं. बिल्किसचा जेवणाचा डबा त्या दिवशी तसाच घरी परत गेला.

दुसऱ्या दिवशी ती कोठडीत सरूला भेटली. तिशीची काटक बाई. नखांच्या कडेला अजून पिवळा रंग होता.

“नवऱ्याशी भांडण होतं?”

“कुणाचं नसतं, म्याडम?”

“तू पाणी कुठलं प्यायचीस?”

“सकाळच्या गाडीनं कासूवरून हमरापूर. दिवसभर कारखान्यात, तिकडचंच पाणी. गणपती जवळ आले की दोन-दोन महिने मुक्कामच तिकडं.”

“आणि सखा?”

“तो शेतावर नायतर खाडीच्या बांधावर. उन्हात कळशी-कळशी पानी प्यायचा. दोन वर्सांपूर्वी हाताला घट्टे आले, मग काळे डाग, मग पोट फुगलं. थोरले भावजी म्हनाले, दारू पितो म्हनून. तो दारूला शिवत नव्हता, म्याडम. शेवटी भावजींच्या ओटीवरच गेला.”

“मुलगी आहे ना तुला?”

“मालू. आठ वर्सांची. मी कामावर गेले की जेवायला भावजींकडंच असायची. आता ऱ्हातेय बी तिकडं.” सरूनं नखाच्या कडेचा रंग खरवडला. “पान्यानंच झालं असं मी सांगून दमले. समदे म्हनतात, कागद बघ. कागदावर तुमची सही हाय म्हनं.”

बिल्किसला मान वर करता येईना.

परत आल्यावर तिनं नोंदवही काढली. गेल्या चार वर्षांत, दर सहा महिन्यांनी एक, अशा खारकोंडच्या आठ बाटल्या आल्या होत्या. आठही वेळा आर्सेनिक जवळपास शून्य. पाण्यातलं मीठ पंधरा ते अठरा. कठीणपणा, म्हणजे पाण्यातला चुना, अगदी कमी. एकसारखे, गुणी बाळासारखे आकडे. तेव्हाही तिला ते आवडले होते.

“गुणाजी, खारकोंडची बाटली कोण आणायचं?”

“हैबतराव स्वतः. पाणी समितीचे अध्यक्ष. जीपनं येतात, बाटली देतात, माझ्या हातावर चहापाणी ठेवतात आणि जातात.”

“तू बाटली घेतलीस की लगेच आत ठेवायचास?”

गुणाजीनं कान खाजवला. “एखाद वेळी उशीर झाला की घरी न्यायचो. वरश्याला. पण सकाळी आठवणीनं आणायचो, बाई. आईशप्पथ.”

वरसे रोह्याला खेटूनच. बिल्किसनं वही मिटली.

सोमवारी ती तपासणीची पेटी घेऊन कासूला उतरली आणि रिक्षानं खारकोंडला गेली. पेण तालुक्यातलं पन्नासेक घरांचं गाव. एका बाजूला भाताची आणि वालाची शेतं, दुसऱ्या बाजूला खाडी. गावाच्या मधोमध फिल्टरची पत्र्याची शेड, आणि शेडवर पाटी: ‘खारकोंड शुद्ध पेयजल. प्रेरणास्थान: हैबतराव मोकल’. नाव पाण्यापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं.

मयत सखाचे थोरले भाऊ ते हेच. पांढरा झब्बा, गोड जीभ. त्यांनी पंप चालवणाऱ्या महिपतीला हाक मारली आणि बाटली भरून द्यायला सांगितलं. बिल्किसनं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः नळाखाली धरली. पेटीतली औषधं घातली, कागदाची पट्टी वर लावली आणि वाट बघत बसली. आर्सेनिक असतं तर पट्टी पिवळी पडली असती. पट्टी पांढरीच राहिली.

पाणी खरंच चोख होतं. म्हणजे आठ दाखले खरे आणि सरू खोटी.

“बघितलंत?” हैबतराव म्हणाले. “जिल्ह्यातून सत्कार झालाय ह्या पाण्याचा. शेजारच्या गावची नळयोजना आली होती, त्यांचं पाणी घ्या म्हणत होते. मी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, आमची शेड असताना दुसऱ्याच्या नळाला तोंड लावणार नाय. चला आता घरी, उपाशी जाऊ देणार नाय तुम्हाला.”

ओटीवर पाट मांडले होते. बिल्किसनं पाणी मागितलं तर कोकमचं सरबत आलं. मग हैबतरावांच्या पत्नी विमलबाईंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मोडाचे, सोललेले वाल. जिभेनं दाबले की लोणी. अस्सल पेणकराच्या घरी पाहुणा आला आणि बिरडं न खाता गेला, तर घरच्या बाईला झोप लागत नाही.

“सोडा घातलात का हो?”

“इश्श, सोडा कशाला? दोन वाफा दिल्या की झालं.” विमलबाई खुलल्या. “आमच्या माहेरी वरश्याला पण माझ्याच हातचं लागतं. दर बुधवारी जीप जाते ना आमची तिकडं.”

“पाणी?”

“बोअरचंच,” हैबतरावांनी मधेच उत्तर दिलं. “गाव पितो तेच आम्ही पितो.”

अंगणातून एक मुलगी आत आली आणि मोठ्या हंड्याकडे वळली.

“गो मालू, तुझी कळशी पडवीत हाय ना?” विमलबाई करवादल्या. “कितींदा सांगायचं?”

मुलगी निमूट पडवीत गेली आणि छोट्या कळशीतलं पाणी प्यायली. आई तुरुंगात गेली म्हणून लेकीचं भांडंही वेगळं काढलं होतं तर. जाताना तिनं मालूला जवळ बोलावून हात बघितला. तळव्यावर मोहरीएवढे टणक ठिपके होते.

हैबतराव मागेच उभे होते. “पोरीलाही थोडं थोडं घालत होती वाटतं,” ते हळहळून म्हणाले. “माझ्या भावाचं रक्त आहे, म्याडम. मी सांभाळतोय.”

गाडीला अजून दोन तास होते. बिल्किस महिपतीच्या घराच्या पायरीवर टेकली. त्याची बायको मैना सुपात वाल निवडत होती.

“छान आहेत. बिरडं करणार?”

“बिरडं?” मैना हसली. “हे बाजारात जाणार, म्याडम. आमच्याकडं वाल करायचं कवाच बंद झालं. दिवसभर चुलीवर ठेवले तरी दगडावानी. बांधाला खांड पडली तवापासून.”

“कधीची गोष्ट?”

“तीन वर्सं होतील आता. उधाणाच्या भरतीनं बांध फुटला, खाडीचं पाणी शेतात पंधरा दिवस उभं होतं. तवापासून बोअर मचूळ झाली. चहा बी खारट लागतो. सवय झाली आता.”

मैनानं दिलेलं पाणी बिल्किस घोटभर प्यायली. खरंच मचूळ होतं. फिल्टर आर्सेनिक अडवतो, मीठ अडवत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं पेटी पुन्हा उघडली आणि मघाच्याच बाटलीतलं मीठ मोजलं. आकडा पाचशेच्या वर गेला.

“महिपती, फिल्टरमधले ते आर्सेनिक शोषणारे तांबूस दाणे कधी बदलले?”

“गेल्याच महिन्यात. हैबतदादांनी स्वतः पुण्याहून आणले. सरूला धरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“त्याआधी?”

महिपतीनं डोकं खाजवलं. “शेड झाली त्याच्या पुढच्या वर्सी एकदा. मग दादा म्हणाले, आता गरज नाय. मला काय कळतंय त्यातलं? मी आपला बटण दाबतो.”

“हात दाखव तुझा.”

त्यानं दाखवला. मालूच्या हातावर मोहरी होती, याच्या हातावर मसूर.

“सरूनं तुला कधी जेवायला घातलंय?”

“कधीच नाय. का?”

बिल्किस गाडीत बसली ती सरळ फौजदार कमळाकरांना फोन लावूनच. “साहेब, एक काम करा. पुण्यात हे दाणे बनवणाऱ्यांकडे विचारा, खारकोंडला कधी कधी गेले. आणि गुरुवारी माझ्याबरोबर गावात या. माझा शिपाईही येईल.”

गुरुवारी हैबतरावांच्या ओटीवर अर्धा गाव जमला. महिपती आणि गुणाजी एका कोपऱ्यात उभे होते, दोघांचेही चेहरे उतरलेले. हैबतराव झोपाळ्यावर. बिल्किसच्या हातात पाण्यानं भरलेला डबा होता.

“विमलबाई, सोमवारचं बिरडं विसरता येत नाही,” ती म्हणाली. “फौजदारसाहेबांनाही खायचंय. हे आत्ताच पंपावरून आणलेलं पाणी. एवढ्यात शिजवून द्या.”

विमलबाईंनी डब्याकडे पाहिलं, आणि जन्मभर चुलीपुढे बसलेली बाई जे बोलेल तेच त्या बोलून गेल्या. “ह्या पाण्यात वाल कसे शिजतील?”

झोपाळा थांबला.

“का नाही शिजणार?” बिल्किसनं विचारलं. “सोमवारी शिजले की. गाव पितो तेच तुम्ही पिता ना?”

विमलबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हैबतराव हसायचा प्रयत्न करत होते. “बायकांच्या चुलीच्या गोष्टी. त्यावर काय खुनाची केस चालते, साहेब?”

“बाईंना बोलू द्या,” कमळाकर म्हणाले.

“मी आधी माझीच चूक सांगते,” बिल्किस म्हणाली. “तीन वर्षांपूर्वी तुमचा बांध फुटला आणि बोअर खारी झाली. साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण माझ्या वहीत खारकोंडच्या पाण्यातलं मीठ बांध फुटायच्या आधी अठरा आणि नंतरही अठरा. मी आर्सेनिकचा आकडा बघितला, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या बाटल्यांत तुमचं पाणी नव्हतंच.”

“मी समद्यांसमोर भरायचो,” महिपती म्हणाला. “नळाखाली धरून.”

“तू भरायचास ते खरं. पण बाटली तीन हातांतून जायची. तू, हैबतराव आणि आमचा गुणाजी. वाटेत कुणीतरी ती ओतून दुसरं पाणी भरलं. कुठलं? वरश्याच्या नळाचे आकडे माझ्याच वहीत होते. पंधरा ते अठरा. तंतोतंत तेच पाणी.”

सगळ्यांच्या नजरा गुणाजीकडे वळल्या. तो भिंतीला टेकला. “बाई, मी वरश्याला राहतो म्हणून काय...”

“मलाही तुझाच संशय आला होता, गुणाजी. पण बाटल्या बदलणाऱ्याला ठाऊक होतं की फिल्टर मेलाय. ते तुला रोह्यात बसून कसं कळणार? महिपतीला कळलं असतं, पण त्याचे हात बघा. विष आहे हे माहीत असलेला माणूस चार वर्षं तेच पाणी पोटात घालत नाही. उरला कोण? ज्याच्या घरी खाऱ्या गावात वाल लोण्यासारखे शिजतात तो. ज्याची जीप दर बुधवारी वरश्याला सासुरवाडीला जाते तो. पाहुण्यानं पाणी मागितलं तर जो सरबत पुढे करतो तो.”

“आत जाऊन बघितलंय आम्ही,” कमळाकर म्हणाले. “कोठीत वीस-वीस लिटरचे सात कॅन आहेत. आणि पुण्याहून उत्तर आलंय. फिल्टर बसला २००६ साली. दाणे एकदा बदलले २००७ ला. त्यानंतर थेट गेल्या महिन्यात. दाणे टिकतात फार तर वर्षभर. म्हणजे गेली चार वर्षं फिल्टर मेलेलाच.”

मग मागून मैनाचा आवाज आला. “चार वर्सं, दादा?”

“काय झालं चार वर्सांनी?” हैबतराव उठून उभे राहिले. गोड जीभ आता गळून पडली होती. “मी आणलं पाणी ह्या गावात. माझ्या नावानं सत्कार झाला. दाणे बनवणारी मंडळी म्हणाली, आता दाणे फुकट नाय, समितीनं सभेत मागणी करा. सभेत मागायचं म्हणजे सांगायचं की फिल्टर बंद पडला. म्हणजे त्या शेजारच्या गावाचा नळ चांगला. त्यांच्या पुढं मी हात पसरायचे? आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहिलं. लगेच कोण मरतंय त्या पाण्यानं?”

“सखा मेला,” बिल्किस म्हणाली. “तुमचा सख्खा भाऊ. मरताना तुमच्या ओटीवर झोपला होता. त्यालाही तेच पाणी दिलंत?”

हैबतरावांनी झब्ब्याची बाही सारखी केली.

“आणि डॉक्टरांना विष सापडलं तेव्हा तुम्ही सरूचं नाव घेतलंत आणि लगेच दाणे बदललेत. ती कामावर दुसरीकडचं पाणी प्यायची म्हणून धड राहिली, तोच तिचा गुन्हा ठरवलात.” तिनं पडवीतल्या छोट्या कळशीकडे बोट केलं. “हे सगळं मला समजलं. एक गोष्ट समजली नाही. मालू चार वर्षं तुमच्या घरी जेवत होती. तिच्यासाठी वेगळी कळशी. मला वाटलं, आई तुरुंगात आहे म्हणून. पण मी शेजारी विचारलं. ती कळशी चार वर्षं तिथंच आहे. घरात वरश्याचं पाणी भरलेलं असताना त्या पोरीला तुम्ही रोज पंपाचं भरून ठेवत होतात. माहीत असून. का?”

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. हैबतरावांनी मात्र अगदी सरळ उत्तर दिलं, जणू एखादा हिशेबी माणूस मूर्खाला समजावतोय.

“पोर हाय ती. गोड पाणी लागलं असतं तर शाळेत जाऊन बोलली असती.”

महिपती पुढे धावला. कमळाकरांच्या शिपायांनी त्याला धरलं, आणि मग हैबतरावांना. गावानं वाट करून दिली, पण कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. बायका विमलबाईंच्या कोठीतले कॅन बाहेर काढत होत्या आणि आपापल्या पोरांना हाका मारत होत्या.

जीपजवळ बिल्किसनं पिशवीतून एक कागद काढून फौजदारांना दिला. आठ बाटल्यांचे आकडे नीट न बघता सह्या केल्याचा तिचा जबाब होता तो.

“नोकरी जाईल तुमची,” कमळाकर म्हणाले.

“जाऊ दे. तो कागद फाईलला लावा.”

सरू सुटली त्या दिवशी बिल्किस तिच्याबरोबर मालूला घेऊन इस्पितळात गेली. डॉक्टरांनी तळवे बघितले, पोट चाचपलं, रक्त घेतलं, आणि बाहेर येऊन बिल्किसशी बरंच इंग्रजी बोलले. सरू बाकावर मुलीचा हात स्वतःच्या हातात धरून बसली होती. तिनं बिल्किसला ना दोष दिला, ना तिचे आभार मानले.

“काय म्हनतात?”

खोटं बोलायची बिल्किसची हिंमत नव्हती. “हातावरचे ठिपके हळूहळू कमी होतील. पण आत काय झालंय ते आज सांगता येत नाही. दरवर्षी तपासायला लागेल. असल्या विषाचा रोग निघायचाच असेल तर दहा-पंधरा वर्षांनी निघतो.”

सरूनं मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं.

“आनि भावजींना किती वर्सं होतील?”

“वकील म्हणतात, सिद्ध झालं तर सात. फार तर दहा.”

“म्हंजे पोर आजारी पडंल तवा ते घरी आलेले असतील,” सरू म्हणाली.

बिल्किसनंही मनात मोजून बघितलं. हिशेब बरोबर होता.